अनुभव धागा : माळ्यावरचा गेम परत लावला तेव्हा

मागच्या महिन्यात सोलापुरातल्या साखर पेठेतलं आईचं घर रंगवायला काढलं. माळ्यावर वडिलांच्या मागाचे धोटे, कांड्या, तुटका पंखा, आणि सगळ्यांच्या खाली जुन्या चादरीत गुंडाळलेला आमचा व्हिडिओ गेम. करडा डबा, दोन रिमोट (जॉयस्टिक, कंट्रोलर वगैरे शब्द फार नंतर आले) आणि पिवळी कॅसेट, '९९९९९९ इन १'वाली. १९९६ च्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावरच्या स्टॉलवर वडिलांनी घासाघीस करून घेतला होता. तेव्हापासून मी गेम खेळतोय. डबे बदलले, कॉम्प्युटर आले, मोबाइल आला, बायकोची बोलणी मात्र तीच.

अडॅप्टर नवा आणला, वायर टीव्हीला जोडली आणि मारिओ सुरू झाला. पहिल्या स्टेजमध्ये एक लाइफ अदृश्य विटेत लपवलेली आहे. ती कुठं आहे असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, पण पहिल्या खड्ड्याच्या अलीकडे अंगठ्यानं आपसूक उडी मारली आणि हिरवं मशरूम, म्हणजे ती लाइफ, बाहेर आलं.

मग आठवडाभर रोज रात्री एकेक गेम लावून बघितला. माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा. मारिओ १९८५ चा आहे, अख्खा गेम ४० केबीचा. आज मोबाइलवरचा एक फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. जागा वाचवायला त्यांनी ढग आणि झुडूप एकाच चित्राचं केलंय, फक्त रंग वेगळा. लहानपणी हजारदा बघून कधी लक्षात आलं नव्हतं. पण उडी बघा. बटण जितका वेळ दाबाल तितकी उंच, पळत आलात तर आणखी लांब. ही उडी आजही अंगठ्याखाली जिवंत आहे. टँकचा गेमही तसाच. याउलट रोड फायटर, ज्यासाठी मी धाकट्या भावाला चावलो होतो, तो दहा मिनिटांत कंटाळवाणा झाला. सर्कसवाला तर पाचच मिनिटांत. ते तेव्हा आवडायचे कारण दुसरं काही नव्हतं, असं माझं स्पष्ट मत झालंय.

दुसरं मत: जुना गेम खेळायचा तर मध्ये सेव्ह करायचं नाही. इम्युलेटरवर (जुने गेम कॉम्प्युटर-मोबाइलवर चालवणारा प्रोग्राम) दर उडीआधी सेव्ह करून खेळलात तर तुम्ही गेम संपवला म्हणा, खेळला म्हणू नका.

तुम्ही कुणी परत खेळलात का? काय सापडलं, काय निसटलं? 'आमच्या वेळचंच भारी' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते मीही लिहू शकतो.

जुळे सोलापूर

मी कायम दुसरा रिमोट. दादा पहिला. कॉन्ट्रामध्ये निळ्या चड्डीवाला तो, लाल चड्डीवाली मी. ज्यांनी खेळलाय त्यांना धबधब्याची स्टेज आठवत असेल. तिथं वर वर चढायचं असतं, आणि एक जण पुढं गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो. जो खाली राहिला तो पडद्याच्या खालच्या कडेला लागून मरतो. माझ्या सगळ्या लाइफ तिथंच जायच्या. मग मी रडायचे, आई टीव्ही बंद करायची आणि दादा आईला सांगायचा, तिला खेळताच येत नाही.

गेल्या दिवाळीत दादा पुण्याहून आला तेव्हा त्याच्या मुलाच्या लॅपटॉपवर आम्ही परत लावला. यावेळी पहिला रिमोट मी घेतला. धबधब्याला मी पुढं गेले आणि तो मेला. मला खरंच वाईट वाटलं. म्हटलं, अरे, यात चूक कुणाचीच नसते, पडदाच तसा सरकतो, मी तुला उगाच तीस वर्षं बोल लावला. तर तो म्हणतो, "नाही गं, मी मुद्दामच करायचो. तू मेलीस की 'एस'वाली बंदूक मला एकट्याला मिळायची."

आता वहिनीसमोर रोज काढते.

धागा सुरू करणारा

ताई, हे भारी आहे. त्या तीस लाइफच्या कोडचं कुणाला आठवतंय का? वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. आमच्या गल्लीत हा कोड एका मुलाला माहीत होता आणि तो सांगायला एक पेप्सीकोला घ्यायचा. हा कोड आधी कॉन्ट्रासाठी नव्हताच. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ च्या ग्रॅडियस गेमची चाचणी करत होते. गेम त्यांनाच जमेना, म्हणून स्वतःसाठी त्यांनी तो घातला. म्हणजे बनवणाऱ्यालाही आपल्यासारखंच होत होतं.

अशोक चौक

मालक, तुमच्या घरी टीव्हीचा गेम होता म्हणजे तुम्ही श्रीमंतच की ओ. आमचा गेम एक रुपयावाला. आमच्या बोळाच्या तोंडाला एक पार्लर होतं. चार मशिनी, बल्ब एकच, बाहेर गोणपाटाचा पडदा. आत मुस्तफा. त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा, १९९३ चा. हे मला चाळिशीत कळलं. आम्ही सगळे मुस्तफाच म्हणायचो, कारण पिवळ्या टोपीवाला मुस्तफा सगळ्यात जोरात पळायचा आणि तोच सगळ्यांना पाहिजे असायचा. त्याच्यावरून मारामाऱ्या झाल्यात.

वडील मागावर. शनिवारी पगार व्हायचा, त्यातला एक रुपया मला. एक रुपयात जितकं जाता येईल तितकं. मला तिसऱ्या स्टेजच्या पुढं जायला दोन वर्षं लागली. मागं उभं राहून बघणारी पोरं तेलुगूत, मराठीत, कन्नडमध्ये ओरडून सांगायची, डावीकडं बघ, बॉम्ब घे. एकदा वडीलच पडदा सारून आत आले, "काय करूलालास बे?" म्हणाले. मला वाटलं आता पार्लरमध्येच सोलतात. त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, ते संपव आणि जेवायला ये.

गेल्या वर्षी कॉम्प्युटरवर टाकला. त्यात कॉइनचं एक बटण आहे, दाबलं की रुपया पडतो. दाबत राहायचं. आठच्या आठ स्टेज एका बसणीत संपल्या. संपल्यावर असं वाटलं की लग्नाचं जेवण एकट्यानं जेवलो. मग विचार केला. हे मशिन तर रुपये खायलाच बनवलेलं. बॉस अंगावर येतात, चुकायला जागा नसते, कारण तुम्ही लवकर मरावं आणि दुसरा रुपया टाकावा. फुकटचे रुपये असले की त्यांचं सगळं गणितच फुसकं. आता मी नियम केलाय, पाच कॉइन. पाचव्या स्टेजलाच अडकलोय. पण मजा येतेय.

टीव्ही दुरुस्ती, चाळीस वर्षं, बाळीवेस

दोन गोष्टी सांगतो. एक, कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. फुंकरीनं काही होत नाही. कॅसेट काढून परत बसवली की पट्ट्या नीट टेकतात, म्हणून ती चालते. थुंकीच्या ओलीनं उलट तांबं गंजतं. खोडरबरनं हलकं घासा.

दुसरी, अनेक जण माझ्याकडे बदकाची बंदूक (टीव्हीवर बदकं मारायच्या गेमची) घेऊन येतात, म्हणतात चालत नाही, दुरुस्त करा. बंदुकीत बिघाड नसतो हो. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा भाग आहे. ट्रिगर दाबलात की क्षणभर पडदा काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तर बदक मेलं. जुन्या डबा टीव्हीवर चित्र आलं की त्याच घटकेला पडद्यावर रेघ मारली जायची. नवा सपाट टीव्ही आलेलं चित्र आधी स्वतःकडे घेतो, साफसूफ करतो, मग दाखवतो. तेवढ्या उशिरात बंदुकीची वेळ निघून जाते. म्हणून नव्या टीव्हीवर एकही बदक मरत नाही आणि गेममधलं ते कुत्रं हसत बसतं. ह्याला माझ्याकडे औषध नाही. डबा टीव्ही पाहिजे.

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, केगाव

मी २००५ चा. सगळे काका-मावशी लिहितायत म्हणून विरुद्ध बाजूनं लिहितो. बाबांनी मला प्रिन्स ऑफ पर्शिया खेळायला लावला. त्यांनी तो म्हणे कॉम्प्युटर क्लासमध्ये फ्लॉपीवर आणून सरांच्या पाठीमागं खेळला होता. मी डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे गेम चालवणारा प्रोग्राम) चालवला. पहिली प्रतिक्रिया: हा माणूस माझं ऐकतच नाही. बटण दाबलं की तो आधी पाऊल पूर्ण टाकणार, मग थांबणार, तोवर खाली भाल्यांवर. दोन दिवस मी बाबांना सांगत होतो की हे कंट्रोल बेकार आहेत.

मग वाचलं की जॉर्डन मेकनर यांनी आपल्या भावाला पळताना, उडी मारताना व्हिडिओत घेतलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. गेम आला १९८९ मध्ये. म्हणजे तो खरोखरचा माणूस आहे, वजन असलेला. मारिओसारखा हवेत वळत नाही. हे कळल्यावर मी घाई सोडली आणि गेम जमायला लागला. साठ मिनिटांची मुदत मात्र मला अजूनही अन्याय वाटते. मी सेव्ह करून खेळलो आणि मला अजिबात लाज नाही.

एक जागा मात्र कबूल करतो. शेवटाकडे आपलीच सावली तलवार घेऊन समोर येते. तिला मारलं की आपलाच जीव जातो. मी बारा वेळा मेलो. बाबा शेजारी बसून चहा पीत होते, एक शब्द बोलले नाहीत. शेवटी मी वैतागून तलवार म्यान केली, सावलीही थांबली, चालत आली आणि माझ्यात मिसळली. बाबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, मला तीन महिने लागले होते.

होटगी रोड

सेव्ह न करण्याचा नियम ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांच्यासाठी. माझी दोन पोरं साडेदहाला झोपतात, पाणी आलं तर पहाटे चारला उठून टाकी भरायची. मला मिळतात चाळीस मिनिटं. मारिओच्या आठव्या जगात पोचेपर्यंतच वीस जातात. मी सेव्ह करणार. लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी होती, बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आई बाहेर सोडायची नाही. तेवढा वेळ परत द्या, मग मीही पहिल्यापासून खेळतो.

धागा सुरू करणारा

हे मला पटलं असं म्हणवत नाही, पण उत्तरही सुचत नाही. जगाच्या सुरुवातीला सेव्ह करा, उडीआधी नको. एवढी तडजोड?

होटगी रोड

बघू.

मंगळवेढा (पण शाळा-कॉलेज सोलापुरात)

सात रस्त्याजवळ एका सायबर कॅफेत आम्ही सहा जण एज ऑफ एम्पायर्स २ खेळायचो. तासाला पंधरा रुपये, लोडशेडिंग झालं की मालक पैसे परत द्यायचा नाही, म्हणायचा लाइट काय मी घालवली का.

२०१९ ला त्याची नवी आवृत्ती आली, ती घेतली. चित्रं सुंदर झाली आहेत, काही तक्रार नाही. पण एक बदल सांगतो. त्या जुन्या आवृत्तीत शेतातलं धान्य संपलं की शेत ओसाड पडायचं, साठ लाकडं देऊन परत पेरावं लागायचं. लढाईच्या नादात विसरलात की गावकरी रिकामे उभे. नंतरच्या भागात गिरणीवर आगाऊ पेरणीचे पैसे भरून ठेवायची सोय आली. आता तर शेत आपोआप पेरलं जातं, बघावंही लागत नाही. मी घरची वीस एकर ज्वारी बघतो. तसं शेत मलाही द्या म्हणावं.

खरं सांगायचं तर ती सोय मी बंद करून खेळतो. ओसाड शेत दिसलं की पोटात गोळा येतो, तोच तर गेम होता.

पूर्व भाग

माझ्या अम्माबद्दल लिहितो, ती स्वतः लिहिणार नाही. ती विड्या वळायची. रात्री लाइट गेली की काम थांबायचं, तेव्हा ती माझा ब्रिक गेम घ्यायची. हातातला, दोन पेन्सिल सेलवाला. ठोकळे पडतात तो, म्हणजे टेट्रिस, मूळ मॉस्कोच्या अलेक्सेई पाजितनोव यांचा, १९८४ चा. अंधारात त्याचा पडदा दिसायचा नाही, म्हणून शेजारी कंदील. आम्हा तिघा भावंडांत तिचा स्कोअर कुणीच मोडला नाही. विड्यांची पानं कापून, भरून, वळून तिच्या बोटांना इतका वेग होता की ठोकळा खाली यायच्या आत ती पुढचा बघत असायची.

आता ती सत्तरीची. मी मोबाइलवर टेट्रिस टाकून दिला. दोन मिनिटांत परत दिला. म्हणाली, "बोटाला काही लागतच नाही." काचेवर नुसतं फिरवायचं, दाबल्याचं कळत नाही. मग मी लक्ष्मी मार्केटमध्ये शोधून तसलाच प्लास्टिकचा ब्रिक गेम आणला. तो नकली, आवाज कर्कश, पण बटणं आहेत. रोज जेवणानंतर चालू असतो. स्कोअर अजूनही आमच्यापेक्षा जास्तच आहे, आणि ती तो मुद्दाम पुसत नाही.

बाळे

टीव्हीवाल्या काकांनी डबा टीव्ही पाहिजे म्हटलंय म्हणून लिहितो. आमच्या माळ्यावर एक आहे, एकवीस इंची, शेवटचा लावला तेव्हा चालू होता. बंदूक माझ्याकडे नाही.

धागा सुरू करणारा

बंदूक माझ्याकडे आहे! चादरीत तीही निघाली, थोडी तुटलीय, चालेल. काका, तुम्ही येणार का? रविवारी चालेल?

टीव्ही दुरुस्ती, बाळीवेस

येतो. पण तो टीव्ही लगेच लावू नका, मागची धूळ आधी ब्रशनं काढू. आणि एकट्यानं माळ्यावरून उतरवू नका, एकवीस इंची फार जड असतो, काच पुढच्या बाजूला असते, तोल जातो.

बाळे

आमच्याकडे रविवारी सकाळी पाणी आहे. अकरानंतर या.