पैठणीच्या रील्समध्ये विणकर कुठे आहे?

मुक्ता_प:
लग्नसराई आली की 'पैठणी लूक'च्या रील्सचा पूर येतो. ब्लाउज, नथ, खोपा, सगळं दिसतं. साडी हातमागाची की यंत्रमागाची, हे मात्र क्वचितच कळतं. 'आपली संस्कृती' असं लिहिणाऱ्यांनी एवढं तरी सांगायलाच हवं. हातमागावर पदराची नक्षी रंगीत तिल्ल्या (धागा गुंडाळलेल्या छोट्या कांड्या) फिरवत, धाग्यात धागा अडकवून विणतात. म्हणून पदरावरचा बांगडी मोर (बांगडीसारख्या गोलातला मोर) उलट्या बाजूनेही तितकाच सुबक दिसतो. यंत्रमागाच्या साडीत मागे धागे लोंबतात किंवा कापलेले असतात. पदर उलटा करून दाखवायला कितीसा वेळ लागतो?

ओवी_डोंबिवली:
नाही पटलं. मी असे व्हिडिओ करते. बघणाऱ्या मुली नुकत्याच नोकरीला लागलेल्या असतात. दोन-तीन हजारांची सेमी, म्हणजे यंत्रमागावरची, पैठणी नेसून त्या हौसेने मंगळागौर खेळतात, त्यांना कमी का लेखायचं? नेसायची सवयच मोडली तर हातमागाची पैठणी घ्यायला येवल्याला जाणार कोण?

मुक्ता_प:
सेमी नेसण्याला विरोध नाहीच गं. सेमीला सेमी म्हण. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव ठरावीक भागातल्या साडीपुरतं राखलं गेलं, तरी सर्रास कुठल्याही साडीखाली 'अस्सल पैठणी' लिहिलं जातं. राग त्याचा आहे.

मागावरची_सून:
आमचं घर येवल्यात, घरात माग आहे. साध्या काठपदराच्या साडीलाही आठवडे जातात, भरलेल्या पदराला महिने. गिऱ्हाईक भाव ऐकतं आणि मोबाईल पुढे करतं, 'इथे तर तीन हजारांत आहे.' तेव्हा सासऱ्यांचा चेहरा बघवत नाही. पण ओवीताई, व्हिडिओ बंद करू नका. एका मुलीने मागाशेजारी बसून शूटिंग केलं, त्यावरून आम्हाला थेट ऑर्डरी आल्या. मधला व्यापारी नव्हता.

ओवी_डोंबिवली:
वहिनी, हे मनाला लागलं. पण अडचण वेगळी आहे. दुकानदार साडी पाठवतो आणि मजकूरही तोच देतो. शब्द बदलला तर पुढचं काम जातं. माझं घर यावर चालतं.

जुना_वाचक:
दुकानदाराला एवढंच विचारा, साडीवर हँडलूम मार्क, म्हणजे हातमागाची सरकारी खूण, आहे का? सिल्क मार्कवर विसंबू नका, तो रेशमाच्या शुद्धतेचा आहे, हातमागाचा नाही. मार्क नसेल तर नुसतं 'पैठणी' न लिहिता 'पैठणी नक्षीची साडी' लिहा.

मुक्ता_प:
काका, मला तेही पुरेसं वाटत नाही. किंमत आणि माग, दोन्ही लिहायला हवं.

ओवी_डोंबिवली:
'पैठणी नक्षीची' लिहीन. किंमत लिहू देणार नाहीत.