मदत हवी आहे: ‘अँटी-डम्पिंग’साठी बोलता येईल असा मराठी शब्द

नमस्कार मंडळी. लहान कारखानदारांसाठी एक मराठी माहितीपत्रक करतोय आणि दोन दिवस एकाच शब्दावर अडलोय: अँटी-डम्पिंग ड्यूटी. परदेशी निर्यातदार स्वतःच्या देशातल्या भावापेक्षा, कधी उत्पादनखर्चापेक्षाही कमी दराने माल इथे पाठवतो, तेव्हा चौकशीनंतर लावलेलं हे शुल्क. आपल्याकडे १९७५च्या सीमाशुल्क दर कायद्यातल्या कलम ९अ खाली ते येतं, साधारण ५ वर्षांसाठी.

हिंदीत ‘पाटनरोधी शुल्क’ म्हणतात, पण मराठी वाचकाला आधी साताऱ्याचं पाटण आठवतं. फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन सगळ्यांनी ‘अँटीडम्पिंग’ जसंच्या तसं घेतलंय. चिनी ‘फान छिंगश्याव’ मला फार आवडला: ‘छिंग’ म्हणजे ओतणं, ‘श्याव’ म्हणजे विक्री. माल बदाबदा ओतला जातोय हे डोळ्यांसमोर येतं! जपानी कायद्यातल्या शब्दाचा अर्थ ‘अनुचित स्वस्त विक्रीवरचं शुल्क’; स्वच्छ, पण लांबलचक.

मराठीत ‘अवपुंजन’ आहे, पण तो पुस्तकातच राहिला. ‘डम्पिंगविरोधी शुल्क’ लिहून काकांना वाचायला दिलं. त्यांचं वर्कशॉप आहे, म्हणजे वाचक अगदी हाच. त्यांनी बोट ठेवून विचारलं, “हे कचऱ्याचं का?” देवनारच्या डम्पिंग ग्राउंडमुळे मुंबईकराला डम्पिंग म्हणजे कचराच.

‘पडेल भाव’ आपल्या बाजारातलाच शब्द, म्हणून ‘पडभाव-रोधक शुल्क’ सुचतंय. पण पडेल भावात हंगामी मंदीही येते, ती इथे नको. कस्टम्स, आयात-निर्यात किंवा भाषांतरात काम करणाऱ्यांनी कृपया सांगा, रोजच्या कागदांत तुम्ही काय लिहिता?