रोमिंग प्रोफाइल बंद करण्याआधी डेस्कटॉप हलवून बघा

विंडोजची रोमिंग प्रोफाइल म्हणजे माणसाच्या सेटिंग्ज आणि फाइली कंपनीच्या सर्व्हरवर ठेवून, तो ज्या पीसीवर बसेल तिथं उतरवायची सोय. लॉगइनला दहा मिनिटं लागतात म्हणून ती काढूनच टाका, असं काहीजण सुचवतात. मला ते पटत नाही. आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) एकाच पीसीवर तीन शिफ्टचे सुपरवायझर बसतात आणि त्यांचे पीसीही बदलत राहतात. प्रत्येकाचा मराठी कीबोर्ड, डिफॉल्ट प्रिंटर त्याच्यासोबत यायलाच हवा.

सकाळी सातला ‘वेलकम’चं चक्र फिरत राहायचं आणि मागं माणसं ताटकळायची. शोधलं तर एकाच्या डेस्कटॉपवर कास्टिंगच्या फोटोंचे ९ जीबी! रोमिंगमध्ये डेस्कटॉपही प्रोफाइलचाच भाग असतो, त्यामुळं नव्या मशीनवर बसला की ते सगळं सर्व्हरवरून उतरायचं.

मग ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या पीसींना एकाच जागेवरून नियम लावायची विंडोजची सोय) फोल्डर रिडायरेक्शन लावलं, म्हणजे फोल्डर पीसीवर न उतरवता सर्व्हरवरूनच उघडायचे. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स थेट सर्व्हरच्या शेअरवर (नेटवर्कवरून उघडता येणाऱ्या सामायिक फोल्डरवर) नेले, डाउनलोड्स रोमिंगमधून वगळलं. ॲपडेटा या प्रोग्रॅम्सच्या माहितीच्या फोल्डरमधला लोकल भाग मुळातच रोम होत नाही (सर्व्हरवर जात-येत नाही), त्याला हात लावू नका. आता प्रोफाइलमध्ये मुख्यतः सेटिंग्जच उरतात आणि माणूस मिनिटाच्या आत कामाला लागतो.

एक मात्र सांभाळा, यात आम्ही चांगलेच भाजलोय. एकच माणूस दोन मशीनवर लॉगइन राहिला, तर जिथून शेवटी लॉगऑफ करेल तिथल्या सेटिंग्ज टिकतात, आधीच्या पुसल्या जातात. शिफ्ट सुटताना नुसती स्क्रीन लॉक न करता लॉगऑफच करायचं, हे पोरांना समोर बसवून शिकवा.

आणि विंडोज ७ ची प्रोफाइल १० वर चालत नाही. सर्व्हरवर एकाच माणसाचे व्ही२ (विंडोज ७ चा) आणि व्ही६ (विंडोज १० चा) असे वेगळे फोल्डर दिसले तर जुना लगेच उडवू नका.