मदत हवी आहे : फ्युकॉइडान काढायला गेलो, हाती चिकटा आला

नमस्कार मंडळी,

पुण्यात एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय मीच हट्टाने घेतला, त्यामुळे आता गाइडकडे रडायचीही सोय नाही. तपकिरी समुद्रशैवालातून फ्युकॉइडान (साखरेच्या रेणूंची एक लांब साखळी) वेगळं काढायचं आणि त्याने रक्त गोठायला किती उशीर होतो ते प्लाझ्मावर बघायचं, असा बेत.

दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीहून सरगॅसम हे तपकिरी शैवाल आणलं, धुतलं आणि सदाशिव पेठेतल्या खोलीच्या गच्चीवर वाळत घातलं. दुसऱ्याच दिवशी घरमालकीणकाकू वर हजर. "बोंबील आणलेत का? आपलं काय ठरलं होतं?" शैवाल शाकाहारी असतं हे पटवण्यात अर्धा तास गेला. (पटलेलं नाही.)

पूड ८५ टक्के अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवली, हिरवट रंग निघाला. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये ७० अंशांवर तीन तास. मलमलीतून गाळताना थेंबच पडेना. फडकं पिळलं तर बोटांना भेंडीसारखी तार. दुप्पट अल्कोहोल ओतल्यावर पांढरट तंतू यायला हवे होते, आला तपकिरी, लोंबता गोळा.

शंका आली म्हणून थोडा गोळा पाण्यात विरघळवून ड्रॉपरने कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब सोडले. भिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे तयार! म्हणजे अल्जिनेट, याच शैवालातली दुसरी, चिकट साखळी, भरपूर आहे. त्यातले ग्युलुरॉनिक आम्लाचे पट्टे कॅल्शियमला दोन बाजूंनी धरतात आणि जेल होतं. फ्युकॉइडान म्हणजे सल्फेट लागलेल्या फ्युकोजची साखळी, ती असे दाणे करत नाही.

माझी भीती वेगळीच आहे. प्लाझ्मा सायट्रेट घातलेला येतो (ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून तो गोठत नाही), एपीटीटीला, म्हणजे गोठायला लागणारा वेळ मोजायच्या टेस्टला, वरून मोजून कॅल्शियम घातलं की गोठणं सुरू होतं. ते कॅल्शियम अल्जिनेटनेच गिळलं तर? गुठळी उशिरा होईल आणि मी खुशाल 'हेपॅरिनसारखा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधासारखा) परिणाम' लिहून मोकळा! साखर मोजायच्या फिनॉल-सल्फ्युरिक टेस्टचाही उपयोग नाही, ती दोन्ही साखळ्यांना रंग देणार.

तर अल्जिनेट मागे कसं ठेवू? कॅल्शियमने खाली बसवलं तर तेच कॅल्शियम पुढे नडणार नाही का? पूड जेमतेम ४० ग्रॅम उरली आहे.

प्रतिसाद

या चिकट्यात मीही बरेच महिने हात घातलेत. नुसत्या पाण्याऐवजी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या, पीएच २ च्या आसपास. अल्जिनिक आम्ल त्यात विरघळत नाही, बरंचसं चोथ्यातच राहतं. तापमान आणि वेळ मात्र आवरा. आम्लात जास्त शिजवलंत तर साखळी तुटते, सल्फेटही गळतो, आणि सल्फेट गेला की रक्त गोठू न देण्याचा गुणही गेला.

गाळलेलं न्यूट्रल करा, कॅल्शियम क्लोराइड घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी सेंट्रिफ्यूज. खाली बसलेलं टाका. वरच्या द्रवात आधी ३० टक्क्यांपर्यंत अल्कोहोल, म्हणजे उरलंसुरलं अल्जिनेट उतरेल. ते काढून मग ७० टक्के. आता खाली येईल ते तुमचं.

कॅल्शियमची शंका रास्त आहे, सल्फेट त्याला धरून बसतो. म्हणून डायलिसिस (पातळ पडद्याच्या पिशवीत भरून लहान कण बाहेर जाऊ देणं) आधी मिठाच्या पाण्यात, म्हणजे सोडियम कॅल्शियमची जागा घेईल, मग डिस्टिल्डमध्ये. तपकिरी रंग बहुधा पॉलिफिनॉलचा, तो थोडा राहील. सल्फेट बघायला आम्लाने हायड्रोलिसिस करून बेरियम क्लोराइड घाला, गढूळपणा मोजा.

आणि एपीटीटीला विकतच्या सोडियम अल्जिनेटची वेगळी नळी लावा, तेवढ्याच प्रमाणात. हेपॅरिनची हवीच.

धागाकर्ता

अल्जिनेटची नळी सुचलीच नव्हती, आभार! ३० टक्के म्हणजे अंतिम प्रमाण ना? माझं अल्कोहोल ९५ टक्क्यांचं आहे.

प्रतिसाद

हो, अंतिम. थेंबथेंब, ढवळत. आणि पुढचं शैवाल कॉलेजातच वाळवा.