'ग्रेट एस अटर्नी'मधली ज्यूरी: निव्वळ सर्कस की खरा इतिहास?

चष्मेबद्दूर:
'द ग्रेट एस अटर्नी क्रॉनिकल्स'चे दोन्ही भाग एकदाचे संपवले. जपानी गेम कंपनी कॅपकॉमची व्हिज्युअल नॉव्हेल (म्हणजे गोष्ट वाचत खेळायचा व्हिडिओ गेम), दिग्दर्शक शू ताकुमी. जपानात २०१५ आणि २०१७ साली आलेले भाग इंग्रजीत २०२१ मध्ये एकत्र मिळाले. र्‍युनोसुके नारुहोदो हा मेइजी काळातला (एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा) जपानी विद्यार्थी आधी स्वतःच खुनाच्या आरोपात अडकतो आणि पुढे लंडनला जाऊन ओल्ड बेली या फौजदारी कोर्टात वकिली करतो. आपण वाचत राहायचं, जबानीतली विसंगती पकडायची आणि पुरावा पुढे करायचा.

यातलं कोर्ट म्हणजे सर्कस आहे, असं बरेच जण म्हणतात. आहेच. खरी ज्यूरी (दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिक) बारा जणांची असे, इथे सहा. इंग्लंडमध्ये बायकांना ज्यूरीत बसता आलं ते १९१९च्या कायद्यानंतर, इथे त्या आधीच बसल्यात. मत ठरलं की प्रत्येक जण भल्यामोठ्या तराजूत आगीचा गोळा फेकतो! तरीही व्हिक्टोरियन न्यायाबद्दल खरं बोलणारा गेम मला हाच वाटतो. सहाही जण 'दोषी' म्हणाले की बचावाच्या वकिलाला शेवटची संधी मिळते: त्यांचीच विधानं एकमेकांवर आदळवायची. मग कळतं की कुणाला घरी जायची घाई आहे, तर कुणाचा परक्या माणसावर मुळातच विश्वास नाही. साक्षीदार बाजूला राहतो आणि उलटतपासणी ज्यूरीची होते.

आता १८९७ आठवा, राणीच्या राज्याचं हीरकमहोत्सवी वर्ष. मुंबई हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला. ज्यूरीत सहा युरोपीय, तीन भारतीय. निकाल सहा विरुद्ध तीन, शिक्षा दीड वर्षं. लेख 'केसरी'तले, मराठी. त्या सहांपैकी कितींना ते वाचता येत होते, हे त्यांना विचारणार कोण?

वकिलीण_बाई:
टिळकांना उगाच ओढून आणलंत. माझा आक्षेप वेगळाच आहे. खऱ्या कायद्यात इतकं नाट्य होतं आणि गेमने ते वापरलंच नाही. १८९८च्या कायद्यापर्यंत इंग्लंडमध्ये बहुतेक गुन्ह्यांत आरोपीला स्वतःच्या बाजूने शपथेवर साक्ष देता येत नसे. फाशीची टांगती तलवार ज्याच्या डोक्यावर, त्याचंच तोंड बंद! नीट अपील म्हणावं असं कोर्ट १९०७च्या कायद्याने आलं. सॉलिसिटर कागद तयार करणार आणि बॅरिस्टर उभा राहणार, ही विभागणी तर गेमच्या गावीही नाही. आपला हिरो प्रेताजवळचे ठसेही बघतो आणि युक्तिवादही करतो. अशील बोलू शकत नाही आणि वकिलाला त्याच्याशिवाय लढायचंय, असा एक खटला केला असता तर? त्याऐवजी आगीचे गोळे.

गुंड्याभाऊ७७:
बाई, गेम आहे हो. फौजदारी कायद्याची गाइड नाही.

काळी_मांजर:
दोघांशीही असहमत. (स्पॉयलर आहे.) माझा राग सरकारी वकील बॅरोक व्हॅन झीक्सवर. भर कोर्टात तो जपान्यांना हिणवतो आणि न्यायाधीश ऐकून घेतात. इथपर्यंत ठीक, तो काळच तसा होता. पण दुसऱ्या भागात त्या द्वेषाला वैयक्तिक दुःखाचं कारण जोडलं आणि प्रकरण मिटवलं. साम्राज्याचा माज म्हणजे एका माणसाची जखम? हे फारच सोयीचं झालं. चष्मेबद्दूर, तुमचा 'खरा इतिहास' इथेच पातळ होतो.

अवांतर: जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकीला आरोपी केलंय ते मात्र झकास. खरा सोसेकी १९०० ते १९०२ लंडनमध्ये होता, सरकारने इंग्रजी शिकायला धाडलेला, एकटा आणि खचलेला. गेममध्ये तो प्रत्येक सावलीला दचकतो. हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं.

चष्मेबद्दूर:
@काळी_मांजर, व्हॅन झीक्सबद्दल निम्मं मान्य. पण पहिलाच खटला बघा. टोकियोत ब्रिटिश डॉक्टरचा खून होतो आणि ब्रिटनशी संबंध बिघडू नयेत म्हणून जपानी सरकारला झटपट दोषी हवा असतो. गुन्हा उघड झाल्यावरही खरी गुन्हेगार जपानी कायद्याच्या हाती लागत नाही, कारण ती ब्रिटिश. हे कुणा एकाचं दुःख नाही, हा दोन देशांमधला करार आहे. प्रत्यक्षातही १८९४ला लंडनमध्ये सही झालेला नवा करार १८९९ला अमलात येईपर्यंत जपानातल्या ब्रिटिशांचा न्याय ब्रिटनचीच वकिलातीची कोर्टं करत.

आणि तो घोडागाडीतला खुनाचा खटला! श्रीमंत अशील, खटला चालू असताना पुराव्यात झालेला फेरफार, आणि शेवटी आपण जिंकतो. जिंकूनही हात धुवावेसे वाटतात. त्यानंतर पुढची केस मला लगेच सुरू करवेना.

गुंड्याभाऊ७७:
मला तर तिसऱ्या तासाला झोप लागली. एक संशय सांगायला चाळीस वाक्यं! शिवाय पहिल्या भागात गोष्टच अर्धवट सोडलीय. जपानातल्या लोकांनी दोन वर्षं काय केलं असेल?

वकिलीण_बाई:
@चष्मेबद्दूर, करारावरचा खटला उत्तमच, तिथे वाद नाही. पण तुमच्या मूळ मुद्द्यावर माझा आक्षेप कायम आहे. ज्यूरीने एकमताने 'दोषी' म्हटल्यावर वकिलाने त्यांना आपसात भांडायला लावायचं, अशी सोय कुठल्याच व्हिक्टोरियन कोर्टात नव्हती. गेमने रोग दाखवला, पण औषधही पदरचंच घातलं.

चष्मेबद्दूर:
(पुन्हा स्पॉयलर.) म्हणूनच दुसऱ्या भागातला शेवटचा खटला बंद दाराआड चालतो. तिथे ज्यूरीच नाही. तुमचं औषध गेमने स्वतःच काढून घेतलंय.