३.७३ क्राऊन-पिनियनच्या १९७० शेव्हेलसाठी ओव्हरड्राइव्ह ऑटोमॅटिक: ७००आर४ घ्यावा की २००-४आर?

मालिबू_ठाणे (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे १९७० ची शेव्हरले शेव्हेल मालिबू आहे. इंजिन ३५० घन इंचांचे, म्हणजे सुमारे ५.७ लिटरचे व्ही-८ असून त्यामागे टर्बो हायड्रामॅटिक ३५० हा तीन गिअरचा मूळ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. आधीच्या मालकांनी मागच्या ॲक्सलमध्ये ३.७३ चे क्राऊन-पिनियन (चाकांना फिरवणारी शेवटची गिअरजोडी; चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.७३ फेरे) बसवून घेतले होते. त्यामुळे घोडबंदर रोडवर सिग्नल सुटला की गाडीचा पिकअप उत्तम मिळतो. मात्र मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा अटल सेतूवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा गाठेपर्यंत इंजिनाचा आवाज इतका वाढतो की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे अशक्य होते. टायर २३५/६० आर १५ मापाचे आहेत आणि कार्बुरेटर एडलब्रॉकचा चार बॅरलचा आहे.

चौथा, म्हणजे ओव्हरड्राइव्हचा (वेग तोच ठेवून इंजिनाचे फेरे कमी करणारा) गिअर असलेला ऑटोमॅटिक अमेरिकेतून मागवण्याचा विचार आहे. ७००आर४, २००-४आर आणि ४एल८०ई ही तीन नावे सतत वाचनात येतात. कोणी म्हणते ७००आर४ सहज मिळतो, कोणी म्हणते तो कमकुवत आहे, तर कोणी सरळ सर्वांत मजबूत तोच घ्या असा सल्ला देते. माझ्या अटी तीनच आहेत: गाडीच्या तळाचा पत्रा कापायचा नाही, संगणकाची भानगड शक्यतो नको, आणि मूळ गिअरबॉक्स जपून ठेवून पुढेमागे पुन्हा बसवता आला पाहिजे. गाडी बहुतेक ठाण्यातच फिरते. रविवारी पहाटे लोणावळ्यापर्यंत एखादी फेरी होते. अशा वापरासाठी आपण कोणता गिअरबॉक्स निवडाल आणि का?

नेरुळ_व्ही८

कोणता गिअरबॉक्स मजबूत आहे हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा आणि आधी कागद-पेन्सिल घ्या. आपल्या टायरचा व्यास सुमारे ६६ सेंटिमीटर भरतो, म्हणजे परीघ दोन मीटरांहून थोडा अधिक. ताशी १०० किलोमीटर वेगाला असे चाक मिनिटाला जवळपास ८०० वेळा फिरते. आता या ८०० ला क्राऊन-पिनियनच्या आणि वरच्या गिअरच्या गुणोत्तराने गुणले की इंजिनाचे फेरे मिळतात. आज तिसऱ्या गिअरमध्ये गुणोत्तर १.०० असल्यामुळे ८०० गुणिले ३.७३, म्हणजे सुमारे २९८० फेरे, आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाच्या) घसरणीमुळे त्यात आणखी शे-दोनशेंची भर. आवाजाची तक्रार रास्तच आहे.

७००आर४ च्या चौथ्या गिअरचे गुणोत्तर ०.७० आणि २००-४आर चे ०.६७ आहे. आपल्या ३.७३ सोबत पहिल्यात सुमारे २०९० आणि दुसऱ्यात सुमारे २००० फेरे येतात. वरच्या टोकाला दोघांत नाव घेण्याजोगा फरक नाही. खरा फरक खालच्या टोकाला आहे आणि ठाण्यात राहणाऱ्याने तिकडेच पाहिले पाहिजे. ७००आर४ चा पहिला गिअर ३.०६ आहे, ३.७३ ने गुणल्यावर तो ११.४ होतो. आपल्या आजच्या टर्बो ३५० चा पहिला गिअर २.५२ असल्याने तो आकडा ९.४ आहे. इतक्या टॉर्कच्या इंजिनाला ११.४ ची गरजच नसते. पाय ठेवताच पहिला गिअर संपतो आणि पुढचा गिअर १.६३ चा असल्यामुळे इंजिनाचे फेरे धाडकन निम्म्याजवळ येतात. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत दर पन्नास मीटरला हा उतार-चढाव सोसायचा, ही कल्पना मला तरी रुचत नाही. ओल्या रस्त्यावर मागची चाके जागीच फिरतील ती गोष्ट वेगळीच.

२००-४आर चे गिअर २.७४, १.५७, १.०० आणि ०.६७ असे आहेत. ३.७३ सोबत पहिला १०.२ होतो, म्हणजे आजच्यापेक्षा थोडाच अधिक जोर, आणि पुढच्या पायऱ्याही जवळजवळच्या. शिवाय त्याची एकूण लांबी आखूड शेपटीच्या टर्बो ३५० इतकीच, सुमारे २७.७ इंच आहे, म्हणून मागचा प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा दांडा) कापावा लागत नाही. मागचे माउंट मात्र टर्बो ४०० या त्याच मालिकेतल्या मोठ्या गिअरबॉक्सच्या जागेच्या आसपास येते, तेव्हा क्रॉस मेंबर, म्हणजे गिअरबॉक्सला खालून आधार देणारा आडवा भाग, मागे सरकवावा लागेल. ७००आर४ ची लांबी ३०.७५ इंच असल्यामुळे शाफ्ट सुमारे तीन इंच आखूड करून पुन्हा बॅलन्स करून घ्यावा लागतो. मूळ गिअरबॉक्स परत बसवायचा झाल्यास जुना शाफ्ट वेगळा जपावा लागेल. आपली तिसरी अट पाहता हा मुद्दा लहान नाही.

४एल८०ई बद्दल थोडक्यात: तो टर्बो ४०० च्या घराण्यातला, १९९१ पासूनचा, शंभर किलोंहून जड आणि पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक आहे. त्याला स्वतंत्र कंट्रोलर आणि थ्रॉटलची स्थिती सांगणारा सेन्सर लागतो. मोठ्या ब्लॉकचे इंजिन किंवा टर्बोचार्जर असेल तर तो घ्यावा. साध्या ३५० साठी तो ओझेच आहे आणि आपल्या पहिल्या दोन अटींपैकी दुसरी तो निश्चित मोडतो, पहिलीही बहुधा मोडेल.

माझे मत: क्राऊन-पिनियन ३.७३ च राहणार असेल तर २००-४आर. ते बदलून ३.०८ करणार असाल तरच ७००आर४ चा विचार करावा, कारण तेव्हा त्याच्या पहिल्या गिअरचा आकडा बरोबर आजच्याइतका, ९.४, येतो.

जुनाट_चालक

वरील हिशेब योग्य आहे, पण त्यातूनच एक वेगळे उत्तर निघते. गिअरबॉक्सला हात न लावता केवळ ३.०८ चे क्राऊन-पिनियन बसवले, तर १०० च्या वेगाला सुमारे २४६० फेरे राहतील. आपल्याकडे त्याहून वेगाने कायदेशीरपणे जाण्यासारखे रस्ते मोजकेच आहेत. पिकअप थोडा कमी होईल, पण ज्या गाडीचा बहुतेक वेळ गर्दीत सरकण्यात जातो तिला त्याने कितीसा फरक पडणार? दहा बोल्टच्या जुन्या ॲक्सलमध्ये ३.०८ साठी वेगळा कॅरिअर (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) लागू शकतो, एवढे आधी तपासावे. अमेरिकेहून लाकडी पेटी मागवून ती न्हावा-शेवा येथून सोडवून आणण्याच्या तुलनेत हे काम नक्कीच स्वस्त आहे.

उलट ३.०८ आणि ७००आर४ ही जोडी मला पटत नाही. ताशी ८० ला चौथ्या गिअरमध्ये जेमतेम १३८० फेरे राहतील. इंजिन कण्हत चालेल आणि आपणच वैतागून लिव्हर तिसऱ्यावर आणून ठेवाल.

कळवा_लेथ

माझा संबंध बसवण्याच्या कामाशी अधिक येतो, म्हणून निवडीपेक्षा निवडीनंतर गिअरबॉक्स कशाने जळतात ते लिहितो.

आपल्या टर्बो ३५० मध्ये तेलाचा दाब इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा मॉड्युलेटर ठरवतो आणि केबल केवळ किकडाउनसाठी (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पडण्यासाठी) असते. ७००आर४ आणि २००-४आर या दोन्हींत मॉड्युलेटर नाही, त्यांची टी.व्ही. केबल, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल, दाबही ठरवते आणि गिअर कधी बदलायचा तेही. आपल्याकडील अनेक मिस्त्री ती किकडाउनचीच केबल समजून थोडी सैल बांधतात. गाडी नीट चालते, गिअर मऊपणे बदलतात, मालक खूश होतो. पण दाब कमी असल्यामुळे क्लचच्या प्लेटा घसरत राहतात आणि थोड्याच काळात जळतात. ७००आर४ ला कमकुवत म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या अनुभवामागे हीच सैल केबल असते. १९८२ साली तो आला तेव्हाच्या सुरुवातीच्या नगांत खरोखर उणिवा होत्या, १९८७ नंतरचे नग बरेच सुधारलेले आहेत.

आपला कार्बुरेटर एडलब्रॉकचा असल्यामुळे केबल जोडण्यासाठी थ्रॉटलच्या लिव्हरवर योग्य भूमितीची पट्टी आणि सोबतचा ब्रॅकेट मागवलाच पाहिजे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर केबल पूर्ण ताणली गेली पाहिजे, आणि मधल्या प्रत्येक स्थितीतही तिचा प्रवास त्याच प्रमाणात झाला पाहिजे. नुसते वेल्डिंग करून छिद्र पाडलेली पट्टी चालत नाही. बसवल्यावर दाबमापक लावून दाब पाहिल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी गोष्ट लॉक-अपची. या दोन्ही गिअरबॉक्सच्या कन्व्हर्टरमध्ये लॉक-अप क्लच, म्हणजे कन्व्हर्टरची घसरण थांबवणारा क्लच, असतो. त्याला १२ व्होल्टची वायर ब्रेकच्या स्विचमधून द्यावी, म्हणजे ब्रेक दाबताच तो सुटेल, आणि मध्ये व्हॅक्यूमचा स्विच घालावा, म्हणजे चढावर जोर पडताच तो आपोआप मोकळा होईल. संगणक लागत नाही. ही वायर जोडायची राहिली तर गाडी तरीही चालते, पण चौथ्या गिअरमध्ये कन्व्हर्टर सतत घसरतो आणि तेल तापते.

तेल तापण्याचा प्रश्न आपल्याकडे महामार्गापेक्षा गर्दीत मोठा आहे. मे महिन्यात गायमुखच्या चढावर रांगेत उभे राहिल्यावर कूलरवर वारा येतच नाही. म्हणून रेडिएटरमधल्या कूलरनंतर स्वतःचा पंखा असलेला वेगळा कूलर लावावा आणि पॅनमध्ये तापमापक बसवावा. तेल ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले तर गिअरबॉक्स वर्षानुवर्षे टिकतो. ११५ अंशांच्या पुढे तेलाचा चिकट थर जमू लागतो. आणि बोरघाटात, चढताना असो वा उतरताना, लिव्हर तिसऱ्यावरच ठेवावा.

मालिबू_ठाणे

आपण सर्वांनी इतक्या सविस्तर उत्तरांसाठी वेळ दिला याबद्दल आभारी आहे. क्राऊन-पिनियन बदलण्याचा मार्ग स्वस्त आहे हे मान्य. तरी शहरातला पिकअप सोडायला मन तयार नाही. आणखी दोन शंका आहेत. मूळ टर्बो ३५० तसाच ठेवून त्याच्या मागे ओव्हरड्राइव्हचे वेगळे युनिट बसवणे शहाणपणाचे ठरेल का? आणि पुढे गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची झाल्यास बदललेला गिअरबॉक्स आड येईल का?

नेरुळ_व्ही८

गिअर व्हेंडर्स या कंपनीचे युनिट गिअरबॉक्सच्या शेपटीच्या जागी बसते आणि त्याचे गुणोत्तर ०.७८ आहे. आपल्या ३.७३ सोबत १०० ला सुमारे २३३० फेरे येतील. मूळ गिअरबॉक्स जागच्या जागी राहतो, मॉड्युलेटर राहतो, टी.व्ही. केबलचा प्रश्नच उद्भवत नाही. उणे बाजू अशी की प्रॉपेलर शाफ्ट आखूड करावाच लागतो, लॉक-अप मिळत नाही आणि किंमत पूर्ण गिअरबॉक्सच्या बरोबरीने जाते. २००-४आर च्या सुमारे २००० फेऱ्यांपुढे मला तो सौदा पटत नाही. पण केबलचे काम नीट करणारा माणूस मिळाला नाही तर मी तोच घेईन.

नोंदणीविषयी: जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना व्हीए मालिकेचा क्रमांक मिळतो. गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. त्यात गिअरबॉक्सचा स्वतंत्र उल्लेख नाही, मात्र ‘मूळ स्वरूप’ या शब्दांची व्याप्ती मोठी असल्याने अर्जापूर्वी ठाणे आरटीओकडून लेखी खुलासा घ्यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे व्हीए क्रमांकाची गाडी नियमित वापरता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. आपल्या रविवारच्या लोणावळा फेऱ्या त्यात बसत नाहीत. तेव्हा सध्याचा एमएच-०४ क्रमांक आणि २००-४आर हीच जोडी आपल्या वापराला जुळते.

मागवताना ब्यूइक ग्रँड नॅशनलच्या धर्तीवर बांधलेला २००-४आर मागा. रोजच्या सेडानमधला साधा नग ३५० च्या टॉर्कपुढे फार टिकणार नाही. कन्व्हर्टर लॉक-अपचाच हवा हे ऑर्डरवर लिहून घ्या, आणि स्पीडोमीटरचा गिअर ३.७३ व आपल्या टायरच्या मापानुसार त्याच पेटीत येऊ द्या, कारण तेवढ्या एका प्लॅस्टिकच्या गिअरसाठी दुसरे कुरिअर मागवणे फार महागात पडते.