इसब असलेल्या पोरांना सरसकट व्हिटॅमिन डी द्यावं का?

गंगावेसकर: धाकट्याला अंड्याची अ‍ॅलर्जी, त्यात कोपराच्या आत आणि गुडघ्यामागं इसब. रात्री खाजवून चादरीवर रक्ताचे ठिपके. रक्तातलं डी तपासलं, 14 नॅनोग्रॅम (मिलिलिटरमागं) आलं. माझं स्पष्ट मत: अशा प्रत्येक पोराला डी सुरू करावं. मंगोलियातल्या प्रयोगात (2014) थंडीत इसब वाढणारी 107 पोरं घेतली. काहींना महिनाभर रोज 1000 युनिट डी, बाकीच्यांना औषध नसलेले थेंब. डीवाल्यांचा इसब जवळपास दुप्पट उतरला. मग थांबायचं कशाला?

पन्हाळ्याचं वारं: मंगोलियाचा हिवाळा कुठं आणि आपलं ऊन कुठं! तिथं थंडीत उन्हात डी तयार करण्याइतका जोरच नसतो. शिवाय महिनाभराचा, 107 पोरांचा प्रयोग. दुसरं म्हणजे, डी कमी म्हणून इसब की इसब म्हणून डी कमी? अंड्यातनं थोडं डी मिळतं, ते तुम्ही बंद केलंय. घाम आला की खाज सुटते म्हणून पोर घरात बसत असणार. डी उतरणारच की! 2017 साली जनुकांवरून एक अभ्यास झाला. डी जन्मतःच कमी राहणाऱ्यांत इसब जास्त निघाला नाही.

शाहूपुरीची आजी: एवढं कशाला? सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवा, कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध पाजा. आमची पोरं अशीच वाढली.

पन्हाळ्याचं वारं: आजी, माफ करा, पण कोवळ्या उन्हात डी बनवणारे किरण नावालाच असतात. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन लागतं, आणि ते काचेआडून चालत नाही. म्हशीच्या ताज्या दुधात कॅल्शियम भरपूर, डी जवळपास नाहीच.

गंगावेसकर: म्हणजे 14 असूनही देऊ नको म्हणता?

पन्हाळ्याचं वारं: द्या की, कोण नको म्हणतंय? बालरोगतज्ज्ञांच्या हिशेबात 12 ते 20 म्हणजे अपुरं. पण ते हाडांसाठी. वर्षापुढच्या पोराला रोजची गरज 600 युनिटची, कमी भरलं तर डोस डॉक्टर ठरवतील. माझा राग त्या 60 हजार युनिटच्या पुड्यांवर आहे. मोठ्यांची आठवड्याची पुडी पोराला रोज दिली तर रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, किडनीवर येतं.

राजारामपुरी ७वी गल्ली: दोघांचंही निम्मं पटलं. पण आमच्या ओळखीत डी सुरू झालं आणि स्टेरॉइडचं मलम परस्पर बंद. "आता आतून उपचार चालू आहे" म्हणे! आठवड्यात मानेपर्यंत चट्टे आले. त्या कातडीला ओलावाच धरता येत नाही. आंघोळ झाली की अंग टिपून लगेच मॉइश्चरायझर थापायचं, दिवसातनं दोनदा. त्याला सुट्टी नाही.

गंगावेसकर: मलम बंद करा असं मी म्हटलंच नाही. डीसुद्धा द्या म्हणतोय. नुकसान काय?

पन्हाळ्याचं वारं: कमी असेल तर काहीच नाही. पण तुम्ही वर "प्रत्येक पोराला" लिहिलंय. ज्याचं 35 आहे, त्याला कशाला?